सदतीस नंबरच्या खांबाजवळची रांग

माझ्या दोघा शहाण्यांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. म्हणजे तुमची आई ते तुम्हाला वाचून दाखवणार आणि तिला वाटेल तिथे दोन-चार ओळी गाळून पुढे जाणार. तिला आधीच सांगून ठेवते: गाळू नकोस. यातलं बरंचसं तुलाही माहीत नाही.

आत्ताच का लिहायला बसले, ते सांगते. मागच्या महिन्यात थोरलीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं की आजी, तुझ्या गावात लोकांसाठी काम करणारं कोणी आहे का, शाळेत लिहून द्यायचंय. माझे बोंबील तव्यावर होते आणि करपायला लागले होते. मी घाईघाईत इंग्रजीत तीन वाक्यं सांगितली: आमच्या छोट्या गावाचे एक निवृत्त महापौर आहेत, त्यांनी पुष्कळ वर्षं लोकांची सेवा केली, आमच्या रस्त्यावरचा बसथांबा त्यांनी बांधला. थोरलीनं ती जशीच्या तशी उतरवली, शेजारी एका टोपीवाल्या माणसाचं चित्र काढलं आणि तिच्या बाईंनी त्यावर सोनेरी चांदणी चिकटवली.

त्या चांदणीचा फोटो आला तेव्हापासून मला चैन नाही. माझी सव्वीस वर्षं न्हावा शेव्याला कंटेनरची कागदपत्रं तपासण्यात गेली. कागदावर एक आकडा चुकला की अख्खा कंटेनर धक्क्यावर अडकतो आणि आतली द्राक्षं सडतात. चुकीच्या कागदावर शिक्का बसू देणं माझ्या स्वभावात नाही, आणि माझ्या त्या तीन वाक्यांत चार चुका आहेत. मधलं वाक्य तेवढं खरं आहे, पण ते कोणाबद्दलही लिहिता येतं, म्हणून ते मी धरतच नाही.

तर दुरुस्ती.

आमचं नेरूळ छोटं गाव नाही, मोठ्या शहराचा भाग आहे. पण नेरूळच्या सेक्टरांच्या मधोमध छोटी गावं आहेत. शहर वसलं ते त्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर. आमच्या इमारतीच्या मागे असंच एक गाव आहे, त्याचं एक तळं आहे, आणि मी ज्यांच्याविषयी बोलले ते त्या गावातले. इथे महापालिका आली त्याच्या आधी ते गावाचे सरपंच होते. पुढे ग्रामपंचायत गेली, ते नगरसेवक झाले आणि पुन्हा पुन्हा निवडून येत राहिले. महापौर ते कधीच नव्हते. लोक मात्र त्यांना अजून सरपंचच म्हणतात. मीही तेच म्हणते. टोपी ते घालत नाहीत. शर्टाच्या खिशात एक कंगवा असतो, आणि डोक्यावर त्याला फारसं काम उरलेलं नाही.

मध्ये एकदा आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि सरपंचांच्या पत्नी निवडून आल्या. त्यांना सगळे काकी म्हणतात. लोकांना वाटलं, नाव काकींचं आणि कारभार सरपंचांचा. पहिल्याच दिवशी काकींनी सरपंचांना मासे आणायला बाजारात पाठवलं आणि ते परत यायच्या आत सगळ्या तक्रारी ऐकून संपवल्या. मी माझा अर्ज वाचायला लागले तर म्हणाल्या, "लिवून आनलंय ना? मग वाचता कशाला, द्या इकडं." माझ्या मते त्या वॉर्डातली सगळ्यात चांगली पाच वर्षं ती होती. हे मी सरपंचांना तोंडावर सांगितलेलं आहे. ते म्हणाले, मासेपण त्याच पाच वर्षांत चांगले आले.

आता सरपंचांच्या कामाच्या पद्धतीबद्दल, कारण ती कळल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तुमची आई प्राथमिक शाळेत होती. महिनाभर मी सगळं नीट पाहिलं आणि सतरा तक्रारींची यादी केली. इंग्रजीत, टाइप करून, क्रमांक घालून. ती घेऊन मी तळ्यावर गेले. सरपंचांची कचेरी म्हणजे तळ्याचा कठडा आणि त्याच्याजवळ ठेवलेली एक निळी प्लास्टिकची खुर्ची. मी गेले तर ते उभे होते आणि खुर्ची रिकामी होती. त्यांनी मला बसवलं. ही त्यांची रीतच होती: तक्रार करणारा बसणार, सरपंच उभे राहणार. पुढे एकदा मी कारण विचारलं तर म्हणाले की उभा मानूस भांडतो, बसलेला सांगतो.

मी सतरा तक्रारी मराठीत करून सांगितल्या. दिव्यांच्या खांबांना नंबर नाहीत, कचऱ्याची गाडी उलट्या बाजूने येते, बागेचं फाटक आतल्या बाजूला उघडतं, कुत्री, डास, वगैरे. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, एक अक्षरही लिहून घेतलं नाही, आणि म्हणाले, "ह्या सगळ्या तुमच्याच का, मॅडम?"

मी म्हटलं, माझ्याच.

"मग सतराही कमिट्यांच्या अध्यक्ष तुमी."

मला वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे कठड्यावर बसलेल्या चार-पाच जणांना ते मोठ्यानं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. एक अनोळखी बाई दारात. म्हणाल्या, डासांच्या अध्यक्ष तुम्हीच ना? आमच्याकडे फार झालेत.

ही त्यांची पद्धत. ज्याची तक्रार, तो त्या तक्रारीचा अध्यक्ष. कागद नाही, ठराव नाही, फक्त तळ्याकाठी मोठ्यानं केलेली घोषणा. वॉर्डात इतके अध्यक्ष होते की लग्नाच्या मांडवात "अध्यक्ष, जरा सरका" म्हटलं तर अर्धी पंगत सरकायची. कुत्र्यांचे अध्यक्ष म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर. त्यांना कुत्र्यांची भयंकर भीती, म्हणून ते तक्रार घेऊन गेले होते. दोन महिन्यांत वॉर्डातल्या सगळ्या कुत्र्यांना इंजेक्शनं टोचून झाली आणि ती कुत्री कृतज्ञ होऊन त्यांच्या मागे फिरायला लागली. अजून फिरतात. त्यांची भीती काही गेलेली नाही. पण चाळीस पावलं पुढे राहून चालण्याची सवय झाल्यामुळे तब्येत उत्तम आहे. हळदीच्या रात्री लाउडस्पीकर फार मोठा लावतात अशी तक्रार करणाऱ्या एका गृहस्थांना सरपंचांनी हळदीला बोलावून त्या यंत्राशेजारीच बसवलं आणि सांगितलं, आवाज आता तुमच्या हातात. हळद म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवसाचा सोहळा. गावात तो लग्नापेक्षा मोठा असतो. ते गृहस्थ पहिल्या तासाला आवाज कमी करत होते. शेवटच्या तासाला तेच वाढवत होते, असं काकींचं म्हणणं.

मी महिनाभर सतरा अध्यक्षपदं सांभाळली. मग सोळांचा राजीनामा दिला, कारणांसह, रीतसर पत्र लिहून. सरपंच पत्राला कधी पत्रानं उत्तर देत नसत. माझ्या राजीनाम्याचं उत्तर म्हणून कापडी पिशवीतून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आल्या. जिवंत. पिशवीची गाठ सुटली आणि त्या स्वयंपाकघरभर पांगल्या. तुमचे आजोबा स्टुलावर उभे राहून मला कोणती कुठे गेली ते सांगत होते, आणि त्यांनी सांगितलेली दिशा दर वेळी चुकीची होती. संध्याकाळी आम्ही त्यांचा रस्सा केला. म्हणजे राजीनामा मंजूर झाला, असा मी अर्थ घेतला.

एक पद मी ठेवलं: दिव्यांच्या खांबांचं. आज आमच्या रस्त्यावर प्रत्येक खांबावर जो पांढरा आकडा दिसतो, तो माझ्या हातचा आहे. स्टेन्सिल मी कापली, रंग सरपंचांनी आणला, आणि दिवा गेला की "त्या औषधाच्या दुकानाच्या जरा अलीकडे" असं सांगायची पाळी कोणावर आली नाही. सदतीस नंबरचा खांब लक्षात ठेवा.

सरपंचांचं सगळंच मला पटायचं असं समजू नका. वेळ त्यांना माहीत नव्हती. प्रत्येकाला ते "होईल" म्हणायचे. मी तो शब्द वर्षानुवर्षं ऐकून त्याच्या तीन जाती पाडल्या होत्या. मान खाली घालून म्हटलेलं "होईल" म्हणजे उद्या. तळ्याकडे बघत म्हटलेलं म्हणजे गणपतीपर्यंत. आणि हसत, खांद्यावर हात ठेवून म्हटलेलं म्हणजे कधीच नाही. माझ्या मुख्य नाल्याच्या जाळीच्या अर्जाला त्यांनी नऊ वर्षं हसून उत्तर दिलं.

पुढे त्यांची मुदत संपली. पण नव्या निवडणुका वर्षानुवर्षं झाल्याच नाहीत. एकाही वॉर्डाला नगरसेवक उरला नाही आणि अधिकारी कारभार पाहू लागले. म्हणजे सरपंच निवृत्त झाले नाहीत. त्यांच्या पायाखालचं पदच निघून गेलं. त्यांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. सकाळी खुर्ची तळ्यावर यायची ती यायचीच.

आणि त्याच काळात तुमच्या आजोबांना झटका आला.

हे तुम्हाला माहीत आहे, पण तेव्हा तुम्ही फार लहान होता. त्यांचा उजवा पाय अधू झाला आणि बोलणं गेलं. सगळं गेलं, एक शब्द सोडून. त्यांना काहीही विचारा, ते म्हणायचे, "बरोबर." भूक लागली का? बरोबर. आज कोणता वार? बरोबर. बेचाळीस वर्षांच्या संसारात ज्या माणसानं माझं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय सोडलं नव्हतं, तो आता माझ्या प्रत्येक वाक्याला "बरोबर" म्हणत होता. मला रडू यायला हवं होतं, आणि यायचंही. पण मधूनच हसूही यायचं, आणि ते पाहून तेही हसायचे. समजत त्यांना सगळं होतं. बाहेर येत नव्हतं.

बोलणं परत शिकवणाऱ्या डॉक्टरबाई वाशीला होत्या. आठवड्यातून तीन दिवस, साडेदहा वाजता. त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावलं की पहिले सहा महिने महत्त्वाचे, त्यात जे परत येईल ते येईल, एकही दिवस चुकवू नका.

आता तुम्ही म्हणाल, रिक्षा करायची. मीही तेच म्हटलं. आजोबा रिक्षात पाय ठेवायला तयार नाहीत. तीस वर्षं ते तुर्भ्याच्या कारखान्यात बसनं गेले होते. रिक्षानं जातो तो आजारी माणूस आणि बसनं जातो तो कामाला जाणारा माणूस, असं काहीतरी त्यांच्या मनात पक्कं होतं. त्यांना ते सांगता येत नव्हतं, म्हणून वादही घालता येत नव्हता. रिक्षाकडे पाठ करून ते काठी टेकत थांब्याच्या दिशेनं चालायला लागायचे.

आमच्या फाटकापासून थांब्यापर्यंत त्यांची एकशे अठरा पावलं होती. मी मोजली होती. थांबा सदतीस नंबरच्या खांबाजवळ, वर पत्र्याचं छप्पर, खाली बाक, बाजूला पाटी लावलेला लोखंडी खांब. नऊ वीसची बस. पाच आठवडे आम्ही असे गेलो आणि त्या पाच आठवड्यांत आजोबा "बरोबर" तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणायला शिकले.

मग रस्ता सिमेंटचा करायला घेतला. कंत्राटदारानं बाक, छप्पर, पाटी सगळं उपटून टेम्पोत घातलं. रस्ता झाला, झकास झाला. थांबा परत आला नाही. बस आता सरळ निघून जाऊ लागली आणि पुढच्या थांब्यावर थांबू लागली. तो पाचशे चाळीस पावलांवर, आणि वाटेत गटाराची वर आलेली दोन झाकणं. पहिल्या दिवशी आजोबा औषधाच्या दुकानापर्यंत गेले. तिथे पायरीवर बसले. मी म्हटलं, थोडं थांबून पुढे जाऊ. ते म्हणाले, "बरोबर," आणि उठून घराकडे वळले. पुढचे सहा दिवस ते चपला घालायलाच तयार झाले नाहीत. डॉक्टरबाईंचा फोन आला की आता चुकवलेले दिवस परत मिळणार नाहीत.

मला जे येतं ते मी केलं. अर्ज लिहिला. सोबत नकाशा, खांबांचे नंबर, पावलांचा तक्ता. बसच्या कचेरीतला खिडकीमागचा माणूस सज्जन होता. त्यानं कागद पाहिले आणि म्हणाला, "आजी, असा अर्ज मी आयुष्यात पाहिला नाही." मग संगणकात बघून म्हणाला की तिथे नवा थांबा मंजूर होऊ शकत नाही, कारण तिथे थांबा आहे. मी म्हटलं, नाहीये. तो म्हणाला, इथे दिसतोय. मी म्हटलं, मग बस का थांबत नाही? तो म्हणाला, ते ड्रायव्हरला विचारा. ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, पाटी नाही, थांबा नाही. कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं तर म्हणाला, पाटी जमा केली. कुठे? जिथे जमा करतात तिथे.

सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आले होते की कागद बरोबर असला की माल सुटतो. इथे कागद बरोबर होता.

मग मी तळ्यावर गेले. खरं सांगते, नाइलाजानं गेले. त्यांच्याकडे ना पद होतं ना शिक्का. निळ्या खुर्चीवर बसले, ते उभे राहिले, आणि मी सगळं सांगितलं. या वेळी टाइप केलेला कागद नव्हता. ते कोणतं "होईल" म्हणतात इकडे माझं लक्ष होतं. ते "होईल" म्हणालेच नाहीत.

त्यांनी विचारलं, "बस कशाला थांबते, मॅडम?"

मी म्हटलं, थांबा असतो म्हणून.

"नाय. मानसं उभी असतात म्हनून थांबते. थांबा मागनं येतो. ह्या गावात पैली बस आली तवा कुठं व्हता थांबा? आमी उभं राहिलो."

मग ते म्हणाले की ही तक्रार माझी नाही, साहेबांची, म्हणजे तुमच्या आजोबांची आहे, तेव्हा अध्यक्षही साहेबच. आणि त्यांनी कठड्यावरच्या लोकांना ते मोठ्यानं सांगितलं. मी म्हटलं, अहो, त्यांना एकच शब्द बोलता येतो.

"कोनता?"

"बरोबर."

सरपंचांनी कंगवा काढला, केसांवरून एकदा फिरवला आणि म्हणाले, "असा अध्यक्ष मना इतक्या वर्षांत गावला नाय."

सोमवारी सकाळी नऊला मी आजोबांना कसंबसं फाटकापर्यंत आणलं, आणि रस्त्याकडे पाहिलं तर सदतीस नंबरच्या खांबाजवळ रांग. चौदा माणसं. सगळे आजी-माजी अध्यक्ष. डासांच्या माझ्यानंतरच्या अध्यक्ष, लाउडस्पीकरचे अध्यक्ष, बँक मॅनेजर, आणि त्यांच्या मागे बरोबर चाळीस पावलांवर चार कुत्री, तीही ओळीत. रांगेच्या तोंडाशी तळ्यावरची निळी खुर्ची, रिकामी. काकी रांग सरळ करत होत्या. शेवटी सरपंच. आजोबांनी ते पाहिलं आणि एकशे अठरा पावलं माझा हात न धरता चालले. जाऊन खुर्चीत बसले.

नऊ वीसला बस आली. लांबून इतकी माणसं दिसल्यावर कोणता ड्रायव्हर ब्रेक लावणार नाही? दार उघडलं. आजोबा चढले, मी चढले. बाकीचे चौदाजण खाली उभे राहून हात हलवू लागले, आम्ही जणू तुमच्याकडे विमानानं निघालो होतो. कंडक्टर म्हणाला, "बाकीचे?"

"त्यांची बस मागनं हाय," सरपंच म्हणाले.

बुधवारीही तसंच झालं. शुक्रवारी कंडक्टरनं दारातूनच विचारलं की रोज एवढी रांग आणि चढतात दोघंच, हा काय प्रकार आहे. काकी म्हणाल्या, "पोचवायला आलोत. तुमच्या घरी कोन पोचवायला येत नाय?" त्यानं घंटा ओढली. पण पुढच्या सोमवारी बस आली, ड्रायव्हरनं रांग पाहिली, ओळखली, आणि न थांबता निघून गेला.

आजोबा खुर्चीत बसून गेलेल्या बसकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, आता हे परत चपला घालणार नाहीत. सरपंच पुढे आले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "अध्यक्ष, आपली चूक झाली. रांगेतल्या मानसानं चढायला पायजे. बरोबर?"

"बरोबर," आजोबा म्हणाले. आणि बुधवारी स्वतःच्या हातानं चपला घातल्या.

बुधवारी रांग रस्त्याच्या कडेला नव्हती, कडेच्या जरा पुढे होती, त्यामुळे ड्रायव्हरला थांबणं भाग पडलं. दार उघडलं आणि या वेळी सगळे चढले. सोळाच्या सोळा. प्रत्येकानं पुढच्या थांब्याचं तिकीट मागितलं. कंडक्टर तिकिटं फाडतच होता तोवर पुढचा थांबा आला, चौदाजण उतरले आणि पाचशे चाळीस पावलं चालत परत आले. शुक्रवारी तेच. पुढचा आठवडाभर तेच. काही अध्यक्षांचे गुडघे बोलायला लागले. लाउडस्पीकरच्या अध्यक्षांनी सरपंचांना विचारलं, हे किती दिवस? सरपंच म्हणाले, हा प्रश्न ज्याला पडला त्यानं त्याचा अध्यक्ष व्हायचं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

शेवटी कंडक्टर वैतागला आणि त्यानं वर तक्रार केली. सरपंचांना नेमकं हेच हवं होतं, असं ते नंतर म्हणाले. खरंच तसं होतं की नाही, मला शंका आहे. पण एका शुक्रवारी सव्वानऊला एक तपासनीस हातात फायली घेऊन सदतीस नंबरच्या खांबाजवळ हजर झाले. सरपंचांनी आधीच ताकीद दिली होती: वरून कोणी येऊन काही विचारलं तर फक्त अध्यक्ष बोलतील. त्यामुळे तपासनिसांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी खुर्चीकडे हात केला.

"काका, इथे थांबा आहे?"

"बरोबर," आजोबा म्हणाले, सरळ, ठाम.

"अधिकृत आहे?"

"बरोबर."

तपासनिसांनी लिहून घेतलं. मग फाइल उलटून म्हणाले, "पण नक्की कुठे? पाटी नाही, काही नाही. पाटी कुठे होती?"

या प्रश्नाला "बरोबर" हे उत्तर नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं तर काकींनी माझा दंड धरला. आजोबांनी तपासनिसांकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोंड हलत होतं. बस लांबून येताना दिसत होती. त्यांनी काठी उचलली, खुर्चीच्या डाव्या बाजूला सिमेंटवर एकदा टेकवली आणि म्हणाले, "इथे."

अडीच महिन्यांतला दुसरा शब्द. आणि जागा बरोबर होती. काठी टेकवली तिथे सिमेंटमध्ये पाटीच्या खांबाचं कापलेलं टोक अजून दिसत होतं; एवढ्या दिवसांत ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं. तपासनीस वाकले, त्यांनी टोकावरची धूळ पुसली आणि शेऱ्यात लिहिलं: "थांबा अस्तित्वात आहे. अध्यक्षांनी जागा दाखवली." सवयीनं मी तो शेरा त्यांच्या खांद्यावरून वाचला. एकही चूक नव्हती.

सरपंच तोंड फिरवून कंगवा शोधत होते. बराच वेळ शोधत होते.

पुढचं थोडक्यात. शेरा झाला आणि बस थांबू लागली. पाटी येईल असं सांगितलं होतं, ती आली नाही. आली तर कुठे लावायची हे निदान आता लिहिलेलं आहे. रांग हळूहळू कमी झाली. पण काही अध्यक्षांना चालायची गोडी लागली, ते अजूनही एक थांबा बसनं जातात आणि चालत येतात. त्यानंतर डॉक्टरबाईंकडे आजोबांचा एकही दिवस चुकला नाही. आता ते पुष्कळ बोलतात, थोडं अडखळत. "बरोबर" मात्र गेल्या वर्षभरात मी ऐकलेलं नाही. हे पत्र लिहिताना त्यांनी पहिलं पान वाचलं आणि म्हणाले, "सव्वीस नाही. पंचवीस वर्षं." मी सव्वीसच ठेवलं आहे.

मध्यंतरी एकदाच्या निवडणुका झाल्या. सरपंच उभे राहिले नाहीत. नवा नगरसेवक तरुण आहे, त्याच्याकडे तक्रारीला मोबाइलवर नंबर मिळतो आणि काम झालं की तसा संदेश येतो. मला हे फार आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू. नाल्याची जाळी त्यानं दोन महिन्यांत बसवली. मी ते सरपंचांना सांगायला तळ्यावर गेले, तर ते कठड्यावर बसले होते. खुर्ची नव्हती, म्हणून पहिल्यांदाच आम्ही दोघंही बसून बोललो. त्यांनी हसून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बगा. झाली ना?"

तेव्हा थोरले, तुझ्या बाईंना सांग: ते महापौर नव्हते, निवृत्त नाहीत, गाव छोटं नाही, आणि थांबा त्यांनी बांधला नाही, कारण तिथे बांधलेलं काहीच नाही. चांदणी काढायची की ठेवायची ते बाईंनी ठरवावं.

पाटी नाही, छप्पर नाही, बाक नाही. निळी खुर्ची सदतीस नंबरच्या खांबाला साखळीनं बांधलेली आहे; तिचा एक हात मोडलेला आहे. नऊ वीसची बस तिथे थांबते.